वर्गात समजलेले गणित परीक्षेत का सुटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर उच्च गणित घेतलेल्या एका विद्यार्थ्याला वर्गात शिकवलेले सारे समजते, पुस्तकातील सरावसंचही सुटतात, परंतु परीक्षेत ओळखीची उदाहरणेसुद्धा अर्धवट राहतात, वेळ पुरत नाही आणि ‘सिली मिस्टेक’मुळे दर वेळी वीस-पंचवीस गुण जातात. परीक्षेला दोन महिने उरले आहेत. आणखी एखादा मोठा प्रश्नसंग्रह आणून तो संपवावा का, असे त्याने विचारले आहे.

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. नवा प्रश्नसंग्रह आत्ता आणू नका. अनेक वर्षे हा विषय शिकवल्यानंतर आणि उत्तरपत्रिका तपासल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, मेहनत घेणाऱ्या विद्यार्थ्याचे बहुतेक गुण अज्ञानामुळे जात नाहीत. ते काही ठरावीक जागी पुन्हा पुन्हा गळतात आणि त्या जागा त्याच्याच जुन्या उत्तरपत्रिकांत स्पष्ट दिसत असतात. गळती कुठे आहे हे न पाहता अभ्यासाचे तास वाढवले, तर त्याच चुका अधिक वेगाने करण्याचा सराव होतो.

म्हणून पहिले काम असे करा. मागच्या तीन-चार परीक्षांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका समोर घ्या आणि गुण गेलेल्या प्रत्येक उदाहरणात जिथे पहिल्यांदा चूक झाली ती नेमकी ओळ शोधा. चुकलेले उत्तर शोधून उपयोग नाही, कारण उत्तर शेवटी असते आणि चूक बहुधा मध्येच कुठेतरी दडलेली असते. ती ओळ सापडली की तिच्यासमोर कारण लिहा: संकल्पनाच माहीत नव्हती, माहीत होती पण सुरुवात सुचली नाही, पद्धत बरोबर होती पण आकडेमोडीत किंवा चिन्हात चूक झाली, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला. कारण लिहिताना ‘सिली मिस्टेक’ हा शब्द कटाक्षाने टाळा. त्या शब्दाने चुकीचे कारण कळत नाही, उलट ती चूक आपली नव्हेच असे वाटू लागते आणि पुढच्या परीक्षेत ती पुन्हा होते.

हे किती नेमकेपणाने करता येते याचे एक उदाहरण देतो. माझ्याकडील एका विद्यार्थिनीची तक्रार होती की, तिचे ‘मायनस’ नेहमी चुकते. आम्ही तिच्या पाच उत्तरपत्रिका घेऊन बसलो आणि प्रत्येक चुकलेल्या ऋण चिन्हाभोवती वर्तुळ काढत गेलो. वर्तुळे सर्वत्र विखुरलेली नव्हती. जवळजवळ सगळी एकाच जागी होती: निश्चित समाकलनात, म्हणजे डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये, खालच्या मर्यादेची किंमत वजा करताना. क्ष³ − ४क्ष या राशीत ३ आणि १ या मर्यादा घालायच्या असतील, तर वरच्या मर्यादेने २७ − १२ = १५ मिळतात आणि खालच्या मर्यादेने १ − ४ = −३. उत्तर १५ − (−३) = १८. ती मात्र कंस न घालता १५ − १ − ४ असे लिहीत असे आणि उत्तर १० येत असे. उपाय एका वाक्याचा होता: खालच्या मर्यादेची किंमत नेहमी कंसात लिहायची आणि कंस सोडवण्यासाठी स्वतंत्र ओळ घ्यायची. ‘जास्त लक्ष दे’ हा सल्ला तिला आधी अनेकांनी दिला होता आणि त्याचा काहीही उपयोग झाला नव्हता, कारण लक्ष कुठे द्यायचे हे कोणी दाखवले नव्हते.

या चुकांसाठी एक वेगळी वही करा. तिच्यात चुकलेले उदाहरण, पहिली चुकीची ओळ, कारण आणि ‘ही चूक मला तिथल्या तिथे कशावरून ओळखता आली असती’ या चार गोष्टी लिहा. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, तिच्याकडे मी पुढे पुन्हा येईन. नोंद केल्यावर ते उदाहरण तीन दिवसांनी आणि नंतर साधारण दोन आठवड्यांनी, वही बंद ठेवून, कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. दोन्ही वेळा न अडखळता सुटले तरच त्यावर काट मारा.

आता ‘सरावसंच सुटतात, पण परीक्षेत सुरुवातच सुचत नाही’ या तक्रारीकडे वळतो, कारण माझ्या मते या विषयाची खरी अडचण इथेच आहे. पुस्तकातील सरावसंच एकाच प्रकरणाचा असतो. ‘खंडशः समाकलन’ या मथळ्याखाली दिलेली वीस उदाहरणे सोडवताना कोणती पद्धत वापरायची हा निर्णय तुमच्यासाठी मथळ्यानेच घेतलेला असतो, तुम्ही फक्त ती पद्धत राबवत असता. परीक्षेत मथळा नसतो. तिथे अर्धे काम पद्धत ओळखण्याचे असते आणि त्या अर्ध्या कामाचा सराव तुम्ही वर्षभर केलेलाच नसतो. ही चार समाकलने पाहा:

क्ष / (क्ष² + १)
१ / (क्ष² + १)
क्ष² / (क्ष² + १)
१ / (क्ष² − १)

दिसायला ही चारही सख्खी भावंडे आहेत, पण प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पहिल्यात छेदाचे अवकलन २क्ष येते आणि त्याचा निम्मा भाग अंशात तयार आहे, म्हणून उत्तर लॉगमध्ये येते. दुसऱ्यात अंशात क्ष नाही, तिथे व्यस्त टॅन फल येते. तिसऱ्यात अंश आणि छेद यांची कोटी, म्हणजे क्ष चा सर्वांत मोठा घात, समान आहे, म्हणून आधी भागाकार करून त्याचे १ − १/(क्ष² + १) असे रूप करावे लागते. चौथ्यात छेदाचे अवयव पडतात, म्हणून आंशिक अपूर्णांक. एका चिन्हाच्या किंवा एका घाताच्या फरकाने पद्धत बदलते, आणि हा फरक टिपणारी नजर फक्त मिसळलेल्या सरावातूनच तयार होते.

याला चांगला आधार आहे. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले होते. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे सलग सोडवली, दुसऱ्या गटाने चारही प्रकारांची उदाहरणे मिसळून सोडवली. सराव चालू असताना सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, तर मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र चित्र उलटले: मिसळून सराव केलेल्यांना ६३ टक्के आणि सलग सराव केलेल्यांना फक्त २० टक्के गुण मिळाले. सराव चालू असतानाचे आकडे विसरू नका. मिसळलेला सराव करताना तुम्हाला आपण मागे पडलो आहोत असेच वाटेल, उत्तरे जास्त चुकतील, आणि अनेक जण नेमके त्याच वेळी तो सोडून पुन्हा एकेका प्रकरणाकडे वळतात. तो अवघडपणा सहन करायचा असतो, कारण शिकण्याचे काम तिथेच चाललेले असते.

प्रत्यक्षात हे करायला फारसे साहित्य लागत नाही. तुमच्याच पुस्तकातील वेगवेगळ्या प्रकरणांची उदाहरणे क्रमांक न लिहिता छोट्या चिठ्ठ्यांवर उतरवून घ्या आणि रोज त्यांतील दहा-बारा यादृच्छिकपणे काढा. आठवड्यातून दोन दिवस असेही करा की वीस उदाहरणे घ्यायची, एकही पूर्ण सोडवायचे नाही, प्रत्येकाला एक मिनिट द्यायचे आणि फक्त पहिली ओळ व ती पद्धत का निवडली याचे कारण लिहायचे. वीस मिनिटांत वीस निर्णयांचा सराव होतो. पूर्ण उदाहरणे सोडवून तेवढ्या निर्णयांसाठी तीन तास लागले असते.

दुसरी सवय बदलायची आहे ती उत्तर पाहण्याची. अडल्यावर सोडवलेले उदाहरण उघडून वाचले की सगळे समजते, मान डोलते, आणि ते आपल्याला आले असे वाटते. वाचून समजणे आणि न पाहता करता येणे या दोन निरनिराळ्या क्षमता आहेत व परीक्षा फक्त दुसरी तपासते. म्हणून अडल्यावर निदान दहा मिनिटे स्वतः झटापट करा. तरीही मार्ग दिसला नाही, तर उत्तराची पहिली ओळ पाहा आणि पान झाका. तेवढ्याने पुढे जाता आले नाही, तर आणखी एक ओळ पाहा. संपूर्ण उत्तर पाहावे लागलेच, तर ते वाचून झाल्यावर पान बंद करून तेच उदाहरण लगेच कोऱ्या कागदावर लिहून काढा आणि चुकांच्या वहीत त्याची नोंद करा. या पद्धतीने दिवसाला कमी उदाहरणे होतील, आणि ते ठीक आहे.

सूत्रांबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात: सगळे पाठ करा, किंवा काहीच पाठ करू नका, समजून घ्या. दोन्ही मला मान्य नाहीत. सूत्र हाताशी नसेल तर ते वापरण्याची कल्पनाच सुचत नाही, म्हणून पाठांतर हवेच. परंतु ज्या सूत्राची सिद्धता तुम्हाला दोन ओळींत करता येते, ते परीक्षेच्या ताणातही हरवत नाही. कॉस (अ + ब) चे विस्तारसूत्र पक्के असेल, तर ब च्या जागी अ घालून कॉस २अ = कॉस²अ − साइन²अ मिळते आणि त्यातूनच २कॉस²अ − १ व १ − २साइन²अ ही उरलेली दोन रूपे निघतात. साइन²अ चे समाकलन करताना यांपैकी शेवटचे रूप लागते हे ज्याने स्वतः काढून पाहिले आहे, त्याला चिन्ह अधिक की उणे हा संभ्रम पडत नाही. दर आठवड्याला एकदा कोरा कागद घेऊन, काहीही न पाहता, एका प्रकरणाची सर्व सूत्रे त्यांच्या अटींसह लिहून काढा. अटींसह हे मुद्दाम लिहितो आहे. अनंत गुणोत्तर श्रेढीच्या बेरजेचे सूत्र सर्वांना येते, पण सामान्य गुणोत्तराचे केवलमूल्य १ पेक्षा कमी असले तरच ते चालते हे लिहायला निम्मे जण विसरतात, आणि त्या अटीसाठी स्वतंत्र गुण ठेवलेला असू शकतो.

आता चुकांच्या वहीतील चौथ्या गोष्टीकडे, म्हणजे चूक तिथल्या तिथे ओळखण्याकडे वळतो. परीक्षेत ‘पुन्हा तपासणे’ म्हणजे केलेली आकडेमोड पुन्हा एकदा वाचणे असा बहुतेकांचा समज असतो. त्याचा उपयोग फार थोडा होतो, कारण ज्या डोळ्यांनी चूक लिहिली तेच डोळे ती पुन्हा बरोबर म्हणून वाचतात. पडताळणी नेहमी वेगळ्या वाटेने झाली पाहिजे, आणि उच्च गणितात अशा वाटा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात उपलब्ध आहेत.

समाकलन केले की उत्तराचे अवकलन करा. क्ष·कॉस क्ष चे समाकलन क्ष·साइन क्ष + कॉस क्ष आले, तर त्याचे अवकलन साइन क्ष + क्ष·कॉस क्ष − साइन क्ष, म्हणजे मूळचेच फल. याला वीस सेकंद लागतात. सदिश गुणाकार काढला की त्याचा दोन्ही मूळ सदिशांशी अदिश गुणाकार शून्य येतो का ते पाहा. (१, २, ३) आणि (२, −१, १) यांचा सदिश गुणाकार (५, ५, −५) आहे. पहिल्याशी अदिश गुणाकार ५ + १० − १५ = ०, दुसऱ्याशी १० − ५ − ५ = ०. मधल्या घटकाचे चिन्ह बदलण्याची नेहमीची चूक झाली असती आणि (५, −५, −५) आले असते, तर पहिल्याच पडताळ्यात −२० मिळून ती उघडी पडली असती. आव्यूहाचा व्यस्त काढला की गुणाकार करून एकक आव्यूह मिळतो का ते पाहावे, संभाव्यता वितरण लिहिले की सर्व संभाव्यतांची बेरीज १ येते का ते पाहावे. हे सोपे आहे, फक्त सवयीचा भाग झाला पाहिजे.

समीकरणांत दोन उलट दिशांचे धोके असतात आणि ते दोन्ही परीक्षकांना चांगले माहीत असतात. पहिला धोका नको असलेले मूळ आत येण्याचा. √(क्ष + ७) = क्ष − ५ हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचे वर्ग केल्यावर क्ष² − ११क्ष + १८ = ० मिळते आणि क्ष = २ किंवा ९. मूळ समीकरणात ९ घातले की ४ = ४ येते, पण २ घातले की डावी बाजू ३ आणि उजवी −३ येते. वर्ग करताना चिन्हाची माहिती पुसली गेली, म्हणून २ हे मूळ बाहेरून आत आले. दुसरा धोका असलेले मूळ हरवण्याचा. साइन २अ = साइन अ हे समीकरण ० अंश ते ३६० अंश (३६० वगळून) या कक्षेत सोडवायचे असेल, तर २·साइन अ·कॉस अ = साइन अ असे लिहून दोन्ही बाजूंना साइन अ ने भागण्याचा मोह होतो. भागल्यावर कॉस अ = १/२ उरते आणि ६० व ३०० अंश ही दोन उत्तरे मिळतात. खरी उत्तरे चार आहेत, कारण साइन अ = ० असतानाही समीकरण खरे ठरते आणि ० व १८० ही उत्तरे त्या भागाकारात निघून गेली. नियम असा लक्षात ठेवा: वर्ग केला किंवा लॉग एकत्र केले की उत्तरे मूळ समीकरणात घालून पाहायची, आणि चलपद असलेल्या राशीने भागण्याऐवजी सारे एका बाजूला आणून अवयव पाडायचे.

सर्वांत कमी वेळ घेणारी पडताळणी म्हणजे उत्तर अर्थाला धरून आहे का, हे पाहणे. १/क्ष² या फलाचे −१ ते १ या मर्यादांत समाकलन करायला दिले आणि नेहमीच्या पद्धतीने −१/क्ष मध्ये मर्यादा घातल्या, तर उत्तर −२ येते. परंतु १/क्ष² कधीच ऋण नसते, मग त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ ऋण कसे येईल? येथे आकडेमोडीत कुठेही चूक नाही. चूक पहिल्याच पायरीवर आहे: क्ष = ० ला फल परिभाषितच नाही, त्यामुळे ही पद्धत तिथे लागू होत नाही आणि ते समाकलन अस्तित्वातच नाही. ज्याने उत्तर लिहून झाल्यावर तीन सेकंद आलेखाचा विचार केला त्याला हे दिसते, बाकीच्यांना दिसत नाही. संभाव्यता १ पेक्षा जास्त, लांबी ऋण, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० पेक्षा वेगळी, असे काही आले की तिथेच थांबून मागे जा.

कॅल्क्युलेटरची परवानगी असेल तर तो अंशांत आहे की रेडियनमध्ये, हे पेपर सुरू होण्यापूर्वी पाहून घ्या आणि मधल्या पायऱ्यांवर आकडे छाटू नका. १/३ ऐवजी ०.३३ घेऊन १२०० ने गुणले तर ४०० च्या जागी ३९६ मिळतात.

आता लेखनाबद्दल. अनेक परीक्षा मंडळांच्या गुणदान योजनेत पद्धतीचे गुण आणि अचूकतेचे गुण वेगवेगळे असतात. परीक्षक तुमच्या मनातले वाचू शकत नाही, त्याला कागदावर दिसते त्यालाच तो गुण देतो. दोन पायऱ्या डोक्यात करून थेट उत्तर लिहिले आणि ते चुकले, तर पद्धतीचे गुणही जातात, जे एक ओळ जास्त लिहिली असती तर मिळाले असते. वापरलेले सूत्र आधी अक्षरांत लिहा, मग किंमती घाला. चुकीचे लिहिलेले खोडताना एकच आडवी रेघ मारा, आणि त्याऐवजी लिहायला दुसरे काही तयार होईपर्यंत तर ते खोडूच नका. ‘सिद्ध करा’ असे असेल तेव्हा उत्तर तुम्हाला आधीच दिलेले असते, म्हणून तिथे सारे गुण मधल्या पायऱ्यांचे असतात. शेवटच्या ओळीकडे उडी मारलेली परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

प्रश्नातील शब्दही काळजीपूर्वक वाचावे लागतात. बाजू १२ एकक असलेल्या चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून क्ष बाजूचे चौरस कापून उघडी पेटी करायची आणि तिचे महत्तम घनफळ काढायचे, हे नेहमीचे उदाहरण पाहा. घनफळ क्ष(१२ − २क्ष)², त्याचे अवकलन (१२ − २क्ष)(१२ − ६क्ष), म्हणून क्ष = ६ किंवा २. क्ष = ६ घेतले तर तळच उरत नाही, म्हणून क्ष = २. शेकडो उत्तरपत्रिका इथेच संपतात, आणि प्रश्न तर घनफळ विचारत होता, जे १२८ घन एकक आहे. शिवाय क्ष ची किंमत ० आणि ६ यांच्या दरम्यानच असू शकते हे लिहिणे आणि २ ला मिळणारी किंमत महत्तमच आहे हे दुसऱ्या अवकलजाने किंवा चिन्हाच्या बदलाने दाखवणे, या दोन्ही गोष्टींची अपेक्षा असते. उत्तर लिहून झाले की प्रश्नाचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचण्याची सवय लावून घ्या.

‘यावरून’ हा शब्द तर सोन्यासारखा आहे. तो प्रश्नात आला की मागच्या उपप्रश्नाचा निकाल वापरायचा आहे असे परीक्षक स्वतः सांगत असतो. पहिल्या उपप्रश्नात कॉस ३अ = ४कॉस³अ − ३कॉस अ हे सिद्ध करायला सांगितले आणि दुसऱ्यात ‘यावरून ८क्ष³ − ६क्ष − १ = ० सोडवा’ असे म्हटले, तर त्रिघात समीकरणाचे अवयव शोधत बसणे व्यर्थ आहे. क्ष = कॉस अ घातले की ८कॉस³अ − ६कॉस अ म्हणजे २·कॉस ३अ, म्हणून कॉस ३अ = १/२. त्यातून अ = २०, १०० आणि १४० अंश, आणि तीन मुळे म्हणजे कॉस २०°, कॉस १००° व कॉस १४०°. आणखी एक गोष्ट: पहिला उपप्रश्न सिद्ध करता आला नाही तरी दिलेला निकाल गृहीत धरून दुसरा सोडवता येतो आणि त्याचे गुण मिळतात. एक भाग अडला म्हणून संपूर्ण प्रश्न सोडणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो व मनापासून हळहळतो.

वेळेचे गणित साधे आहे, पण ते आधी कागदावर मांडावे लागते. समजा, १८० मिनिटांत १०० गुणांचा पेपर आहे. शेवटची २० मिनिटे पडताळणीसाठी बाजूला ठेवली तर १६० मिनिटे उरतात, म्हणजे प्रत्येक गुणाला १.६ मिनिटे आणि ५ गुणांच्या प्रश्नाला ८ मिनिटे. तेवढ्या वेळात प्रश्न पुढे सरकत नसेल, तर जागा सोडून पुढे जायचे. हा निर्णय परीक्षेत भावनेच्या भरात घेता येत नाही, तो आधीच घेतलेला असावा लागतो. एका ५ गुणांच्या हट्टापायी २५ मिनिटे गेली की शेवटचे १० गुण, जे कदाचित सोपे होते, वाचायलाच मिळत नाहीत. पहिल्या फेरीत ओळखीचे सारे सोडवा, दुसऱ्या फेरीत सोडलेल्या जागांकडे परत या. परतल्यावर अनेकदा वाट दिसते, कारण दरम्यान मन त्या प्रश्नापासून मोकळे झालेले असते.

परतूनही काही सुचले नाही तर कोरी जागा ठेवू नका. दिलेली माहिती चिन्हांत मांडा, आकृती काढा, संबंधित व्याख्या किंवा सूत्र लिहा, ‘कोणत्याही न साठी’ असे असेल तर न = १, २, ३ घालून काय घडते ते पाहा, आणि हवा असलेला निकाल लिहून त्याच्या आधीची ओळ कोणती असू शकेल याचा उलट दिशेने विचार करा. उलट दिशेने सापडलेली वाट उत्तरपत्रिकेत मात्र सुलट दिशेनेच लिहायची असते.

पर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असतील, तर अंदाज करावा की नाही हेही मोजता येते. चार पर्याय, बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीला १ गुण वजा अशी योजना असेल, तर डोळे मिटून उत्तर देण्याची सरासरी ३/४ − ३/४ = ० येते, म्हणजे फायदाही नाही, तोटाही नाही. एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर सरासरी १ − २/३ = १/३ गुण, म्हणजे उत्तर द्यावे. निश्चितपणे हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘हा बहुधा नसावा’ म्हणून बाद केलेला पर्याय या हिशेबात बसत नाही.

उरलेल्या दोन महिन्यांची मांडणी मी अशी करीन. पहिले दोन आठवडे जुन्या उत्तरपत्रिकांचे निदान, चुकांची वही आणि त्यातून उघड झालेल्या कच्च्या प्रकरणांची दुरुस्ती. पुढचे चार आठवडे रोज मिसळलेला सराव आणि दर आठवड्याला एक संपूर्ण जुना पेपर, घड्याळ लावून, मध्ये न उठता. पेपर सोडवायला तीन तास लागले, तर त्याची तपासणी आणि नोंदी करायला निदान दोन तास द्या. तपासणीविना सोडवलेला पेपर जवळजवळ वाया जातो. शेवटच्या दोन आठवड्यांत पेपर आठवड्याला दोन करा, शक्यतो परीक्षेच्याच वेळी. जुने पेपर संपले आणि वहीतील सर्व उदाहरणांवर काट बसली, तर नवा प्रश्नसंग्रह आणायला माझी हरकत नाही.

आदल्या दिवशी नवे काही उघडू नका. चुकांची वही आणि सूत्रांचा कोरा कागद, एवढेच दोन-तीन तास पुरते. रात्री पूर्ण झोप घ्या, कारण मर्यादा घालताना कंस लिहिण्याची आठवण ठेवायला ताजे डोके लागते. पेपरच्या शेवटच्या २० मिनिटांत पहिल्या पानापासून वाचत सुटण्याऐवजी आधी सोडलेल्या जागा, मग वहीत सर्वांत जास्त वेळा नोंदवलेली तुमची स्वतःची चूक जिथे होऊ शकते ती उदाहरणे, आणि मग वेळ उरला तर बाकीचे, या क्रमाने तपासा.